मिस्टरांना न सांगता लस टोचून आणू का?

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार. मी सिन्नरला राहते. माझी मुलगी परवा नऊ महिन्यांची झाली. साडेतीन महिन्यांचा डोस दिला त्या रात्री ती सलग चार तास रडली. मांडी दगडासारखी कडक झाली होती, अंगात १०२ ताप. माझे मिस्टर रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फिरत होते. सकाळी म्हणाले, "बास. आता एकही इंजेक्शन द्यायचं नाही." त्यांच्या चुलतभावाच्या मुलाला ऑटिझम आहे. दीड वर्षाच्या डोसनंतर त्याचं बोलणं बंद झालं असं घरात सगळेच म्हणतात. मिस्टर म्हणतात, "विषाची परीक्षा कशाला घ्यायची? दोन वर्षांची होऊ दे, मग बघू." सासूबाई म्हणतात, गोवर आम्हा सगळ्यांना येऊन गेला, काही होत नाही, आणि ही सगळी बाहेरची खुळं आहेत. आशाताई दोनदा येऊन गेल्या, मिस्टरांनी दारातूनच परत पाठवलं. ते एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहेत, माणूस वाईट नाही हो. पण मोबाईलवर रोज नवा व्हिडिओ येतो, लसीत पारा असतो म्हणून.
माझं मन म्हणतं लस द्यावी. पण उद्या काही झालं तर खापर माझ्यावर फुटेल. पुढच्या आठवड्यात मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट आहे. ते कामावर गेले की गुपचूप जाऊन टोचून आणू का? मुलीसारखं समजून सांगा.
– एक आई, सिन्नर

मुलीसारखं सांगा म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लस द्यायचीच, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत द्यायची. पण गुपचूप नाही.

गुपचूप का नाही, याचं कारण खुद्द या लसीतच आहे. साडेतीन महिन्यांच्या डोसाचा ताप त्याच रात्री आला, आठवतंय ना? नवव्या महिन्यात जी गोवर-रुबेलाची लस देतात, तिची तऱ्हा वेगळी. तिच्यात गोवरचा अगदी दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो अंगात हळूहळू वाढतो, शरीर त्याला ओळखून घेतं, आणि त्या खटाटोपात साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी दहांतल्या एखाद्या बाळाला ताप येतो. विसांतल्या एखाद्याच्या अंगावर बारीक गुलाबी पुरळही दिसतं. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. आता डोळ्यांसमोर आण. तू सोमवारी गुपचूप टोचून आणलंस, आठवडा निवांत गेला, आणि पुढच्या बुधवारी रात्री बाळ तापलं. छातीवर लाल ठिपके. तुझा नवरा घाबराघुबरा होऊन डॉक्टरकडे धावतो. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "इतक्यात कुठली लस दिली होती का?" आणि तो ठामपणे "नाही" म्हणतो. त्या क्षणी तू काय करशील? खरं बोललीस तर तो पुन्हा कुठल्याच लसीला हो म्हणणार नाही, आणि तुझ्यावरचा त्याचा विश्वासही जाईल. गप्प राहिलीस तर डॉक्टरांना चुकीची माहिती मिळेल. तिला पुढे दीड वर्षाचे डोस आहेत, पाच वर्षांचा आहे, दहा आणि सोळा वर्षांचा आहे. सोळा वर्षं शिफ्ट बघून लपवाछपवी करता येत नाही.

म्हणून नवऱ्याला बरोबर घ्यायला हवं. आणि मला विचारशील तर ते अवघड नाही. तुझा नवरा लसीच्या विरोधात आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. तो त्या एका रात्रीला घाबरलाय. चार तास किंचाळणारं मूल खांद्यावर घेऊन ज्याने खोलीत येरझाऱ्या घातल्या, तो बाप ताकही फुंकूनच पिणार. मला विचारायचंय ते असं, की त्या रात्री नेमकं काय झालं ते कुणी त्याला समजावून सांगितलं का? बहुधा नाही. "थोडा ताप येईल, हे औषध द्या," एवढं वाक्य गर्दीत कानावर पडलं असेल. इथे आम्ही आरोग्य खात्याची माणसं कमी पडतो, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मान्य करते.

तर ते त्याला तू सांग. साडेतीन महिन्यांना मांडीत जी टोचली ती पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब नावाचा जंतू. यातला डांग्या खोकल्याचा भाग हा मारलेल्या अख्ख्या जंतूपासून बनवलेला असतो. शरीर त्याच्यावर जोरात तुटून पडतं, म्हणून ताप, सूज, मांडीला गाठ. काही मोजकी बाळं तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडतात. हे वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे, त्याला नाव आहे, आणि त्याने बाळाच्या मेंदूला किंवा वाढीला कायमची इजा होत नाही. भीती वाटावी असंच ते दृश्य असतं. पण ती रात्र संपली, तुझी लेक सकाळी दूध प्यायली, आज नऊ महिन्यांची होऊन रांगत असेल.

आणि आता मुख्य गोष्ट, जी त्याला बहुतेक ठाऊकच नाही. ज्या भागाने तिला त्या रात्री रडवलं, तो गोवर-रुबेलाच्या लसीत नाहीच. ही लस वेगळी, बनवण्याची पद्धत वेगळी, टोचायची जागा वेगळी. डांग्या खोकल्याचा भाग पुन्हा येईल तो दीड वर्षाच्या सुमारास, बूस्टरमध्ये, म्हणजे आधीच्या डोसांना बळकटी देणाऱ्या डोसात. तेव्हा "आधीच्या डोसला चार तास रडली होती" हे टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. डांग्या खोकल्याची कमी त्रासाची लसही मिळते, खाजगीत तिला 'पेनलेस' म्हणतात. तिचा परिणाम काही वर्षांनी लवकर ओसरतो हा तिचा उणेपणा, पण अशा बाळासाठी तो पर्याय डॉक्टरांशी बोलून घेता येतो.

तुझ्या पत्रात फिट आल्याचं, बाळ निळं पडून लुळं झाल्याचं, तोंड सुजून श्वास कोंडल्याचं काही नाही. असं काही झालं असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर लसीआधी बालरोगतज्ज्ञांना दाखव. मी बाळ पाहिलेलं नाही, आणि पत्रावरून तपासणी होत नाही. साधी सर्दी, थोडा खोकला, पातळ शी, दात येत असल्याची किरकिर, यासाठी मात्र लस पुढे ढकलू नकोस.

आता त्या चुलत पुतण्याबद्दल. हा भाग सावकाश वाच.

ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात ती साधारण एक ते दोन वर्षांच्या वयात. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, आलेले दोन-चार शब्दही जातात. आणि दीड वर्षाची लस कधी? त्याच वयात. एका आठवड्यात लस झाली, पुढच्या महिन्यात आईच्या लक्षात आलं की 'पापा' म्हणणं थांबलंय. कुणालाही वाटेल की यामुळेच ते झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, अशी गाठ पडते. पण गाठ पडते की खरंच कावळ्याच्या वजनाने फांदी तुटते, हे पाहायचं तर ज्या फांद्यांवर कावळा बसलाच नाही त्याही मोजाव्या लागतात. डेन्मार्कमध्ये तेच केलं. तिथे जन्मलेल्या ६ लाख ५७ हजारांहून जास्त मुलांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली. ज्यांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली होती आणि ज्यांना दिली नव्हती, अशा दोन्ही प्रकारची मुलं त्यात होती. २०१९ साली निष्कर्ष छापून आला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख छापला, आणि तिथून ही भीती जगभर गेली. पुढे उघडकीला आलं की लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतले होते आणि मुलांच्या नोंदीही जशाच्या तशा दिलेल्या नव्हत्या. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. लेख मागे घेतल्याची बातमी तुमच्या घरातल्या मोबाईलपर्यंत पोचली नाही, एवढंच.

पण मला तुझ्या त्या जावेबद्दल जास्त वाटतंय. त्या मुलाला त्या दिवशी लसीला कोण घेऊन गेलं होतं? आईच गेली असणार. म्हणजे घरात सगळे जेव्हा म्हणतात, "लसीनंतर झालं," तेव्हा ती काय ऐकते? "तू नेलंस म्हणून झालं," हे ऐकते. किती वर्षं ऐकत असेल. माझ्याकडे अशा आया येऊन बसत, मूल शेजारच्या खुर्चीवर पंख्याकडे टक लावून असायचं, आणि ही खाली मान घालून विचारायची, "मॅडम, त्या दिवशी मी नेलं नसतं तर?" मी प्रत्येकीला सांगितलं आणि आज तुझ्यातर्फे तिलाही सांगते. बाई, तू नेलंस म्हणून काही झालेलं नाही. ऑटिझमची मुळं बहुतांशी मूल जन्मण्याआधीची असतात. तू त्याला घटसर्पापासून, गोवरापासून वाचवलंस. जावेला एकदा दुपारी चहाला बोलाव आणि हे सांग. मुलाला वाणी-उपचार, वर्तन-उपचार चालू नसतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आता बहुतेक जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या वाढ-विकासाची तपासणी आणि उपचार एकाच ठिकाणी होतात. त्या मुलाकडे बोट दाखवून तुमच्या घरात लसीचा निर्णय होऊ नये, एवढं मला फार मनापासून वाटतं. तो कुणाला घाबरवण्यासाठी दाखवायचं उदाहरण नाही. घरातलं मूल आहे.

"दोन वर्षांची होऊ दे" हे ऐकायला समजूतदार वाटतं, जणू नुसतं थांबलं की काही घडणारच नाही. नऊ महिनेच का ठरवले ते बघ. पोटात असताना तुझ्याकडून तिला गोवराविरुद्धची थोडी शिदोरी मिळालेली असते. ती सहा महिन्यांनंतर संपत येते. फार लवकर लस दिली तर हीच शिदोरी लसीला अंगात रुजू देत नाही. फार उशीर केला तर बाळ उघड्यावर. नऊ महिने हा त्यातला सुवर्णमध्य. या वयात एका डोसने साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळतं, आणि दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत झाला की ते ९५ टक्क्यांच्या वर जातं. म्हणून दोन डोस. तुझा नवरा म्हणतो ते दोन वर्षांपर्यंतचं थांबणं म्हणजे बरोब्बर तेच पंधरा महिने, ज्यांत गोवर सगळ्यात जास्त लहानग्यांचा जीव घेतो.

आणि गोवर लांब कुठे नाही. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडी भागात तो भडकला, भिवंडीत भडकला, आणि तुमच्याच नाशिक जिल्ह्यात मालेगावला. मुलं दगावली. लस न झालेली मुलं त्यात भरपूर होती. तेव्हा साथीच्या भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. गोवराइतका पसरणारा रोग विरळा. रोगी खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल तो पसरवत असतं, म्हणजे कुणाला आलाय हे कळायच्या आतच तो तुमच्या घरात आलेला असतो. एसटीत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर. लस नसलेल्या दहा जणांत तो पोचला तर नऊ जणांना होतो. विषाची परीक्षा म्हणतो ना तो, ती इथे घेतली जातेय.

सासूबाईंना मी खोटं पाडणार नाही. त्यांना गोवर येऊन गेला आणि त्या धडधाकट आहेत. माझी आईही असंच म्हणायची. ती "आम्ही आठ भावंडं" म्हणायची आणि नावं सांगायची सहा.

मी ऐंशीच्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामीण रुग्णालयात नोकरीला लागले. फेब्रुवारी-मार्च आला की गोवराची मुलं यायची. एक दोन वर्षांची पोर अजून डोळ्यांसमोर आहे. पुरळ ओसरून काळपट झालं होतं, कातडी कोंड्यासारखी सुटत होती. घरच्यांनी रीतीप्रमाणे आठ दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, दूध बंद, तेल-तूप बंद, नुसती पेज. पापण्या पुवाने चिकटल्या होत्या. मी कोमट पाण्यात कापूस बुडवून हळूहळू त्या सोडवल्या. डावा डोळा स्वच्छ होता. उजव्या बुबुळावर नखाएवढा पांढरा डाग. डोळ्यात फूल पडलं होतं. गोवर अंगातलं जीवनसत्त्व अ शोषून घेतो, आणि आधीच अशक्त असलेल्या पोरीचा डोळा त्यात जातो. पोर वाचली. आई म्हणाली, "दिसंल ना हो परत?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंच्या हिशेबात ही मुलगीसुद्धा 'गोवर येऊन गेला आणि बरी झाली' अशीच मोजली जाते.

त्यानंतरचा न्यूमोनिया वेगळा. हजारांत एखाद्याला मेंदूला सूज येते. आणि गोवर बरा झाल्यावरही तो शरीराची आधीच्या रोगांची ओळख पुसून टाकतो, म्हणून पुढचे कित्येक महिने मूल सारखं आजारी पडतं. रुबेलाचं तर मुलांना फारसं काही वाटत नाही, पण तो पोटुशी बाईला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं, हृदयाला दोष असलेलं जन्माला येऊ शकतं. तुझी लेक आज नऊ महिन्यांची आहे, तिला पुढे पंचवीस वर्षांनी उपयोगी पडेल असंही काही त्या सुईत आहे.

सासूबाईंकडे अजून एक गोष्ट मागून घे. त्यांना दंडावरचा पदर बाजूला करायला सांग. त्यांच्या वयाच्या बाईच्या दंडावर जवळपास नक्कीच देवी काढल्याचा वण असेल, नाण्याएवढा, खोलगट. तो हात लावून बघ, नवऱ्यालाही दाखव. देवीने गावंच्या गावं उठायची, वाचलेल्यांचे चेहरे जन्माचे व्रणांचे व्हायचे. भिंतींवर गेरूने 'देवीचा रोगी कळवा' असं लिहिलेलं मी लहानपणी वाचलेलं आहे. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि म्हणून तुझ्या दंडावर तो वण नाही. लस हे बाहेरचं खूळ म्हणतात त्या, तर आपल्या मुंबईतच १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देशातली पहिली देवीची लस टोचली गेली. दोनशेहून जास्त वर्षं झाली.

पाऱ्याचं थोडक्यात. अनेक डोसांच्या काही बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून अगदी सूक्ष्म प्रमाणात थायोमर्सल घालतात. त्यातला पारा थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखा नाही, शरीर तो लवकर बाहेर टाकतं. आणि गोवर-रुबेलाच्या लसीत तर तोही नसतो, कारण ती जिवंत लस आहे, थायोमर्सल घातलं तर तीच मरेल.

मी तुला लसीचे धोकेच नसतात असं सांगणार नाही. तुझा नवरा तपासून घेणारा माणूस आहे, त्याला अर्धं सांगितलेलं आवडणार नाही. गोवरच्या लसीनंतरच्या तापात तीन-चार हजारांत एखाद्या बाळाला तापाची फिट येऊ शकते. बघणाऱ्याचं काळीज थांबतं, पण सहसा मागे काही राहत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांत एखाद-दुसरी, ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसते आणि तिच्यावरचं इंजेक्शन तिथेच ठेवलेलं असतं. पोलिओच्या थेंबांमुळेच लाखो डोसांत एखाद्या बाळाला पोलिओ झाल्याचंही घडलेलं आहे, आणि ते लपवून ठेवलेलं नाही. आपल्या देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. पोलिओ गेल्यावर तो एवढासा धोकाही पत्करायचा कशाला, म्हणून २०१५ च्या अखेरीला टोचायची पोलिओ लस कार्यक्रमात आणली. धोका मोजतात, मान्य करतात, कमी करतात. हे कदाचित त्याला क्वालिटीच्या भाषेत पटकन कळेल.

त्याच्याशी रात्री व्हिडिओ समोर धरून वाद घालू नकोस. मी तरुणपणी एका बापाला सगळ्यांसमोर झापलं होतं. लस द्यायची नाही म्हणाला म्हणून. "तुम्हाला मुलाचं काही पडलंय का?" असं म्हणाले. तो काही न बोलता बाळ उचलून निघून गेला आणि परत कधी आला नाही. त्या बाळाचं काय झालं मला माहीत नाही. ते मला अजून लागून राहिलंय. त्यामुळे तू सुरुवात अशी कर, "त्या रात्री तुम्ही होतात म्हणून मी टिकले. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मी विचारून आलेय." मग पेंटाचं सांग, ते यात नाही हे सांग. आणि त्याला म्हण, "तुम्ही स्वतः चला आणि सगळं तपासा."

तपासण्यासारखं भरपूर आहे. बाटली उघडण्याआधी सिस्टरना दाखवायला सांगा. तिच्यावर एक गोल असतो, गोलात चौकोन. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन काळपट होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती वापरायची नाही. एक्स्पायरी बघा. गोवर-रुबेलाची पूड असते, ती तिच्याच सोबतच्या द्रावणात मिसळतात, आणि मिसळल्याची वेळ बाटलीवर लिहितात. चार तासांनंतर उरलेली फेकून द्यायची असते. सिरिंज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे, ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, पुन्हा वापरताच येत नाही. हे विचारलं तर चांगली सिस्टर चिडत नाही, उलट तिला बरं वाटतं. त्याचा सरकारी केंद्रावर विश्वास बसत नसेल तर त्याच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते नवव्या महिन्यात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस देतील, पैसे पडतील, गोवराचं काम तेच होईल. त्यावरून भांडण नको.

आणि एवढं करूनही तो नाहीच म्हणाला तर? आठ-दहा दिवस थांब. मग त्याला तोंडावर सांग, "अमुक दिवशी मी हिला घेऊन चाललेय. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल." आणि जा. आई म्हणून तुला तेवढा हक्क आहे. सांगून गेलीस तर आठव्या दिवशीचा ताप तुम्ही दोघं मिळून काढाल. घरात यावरून हात उगारला जाण्याची भीती असेल, तर मात्र मी इथे दिलेला सल्ला बाजूला ठेव, आशाताईंशी बोल आणि मला लगेच लिही.

त्या दिवशीचं सांगते. नऊ महिन्यांना एक नाही, तीन सुया असतात, हे नवऱ्याला आधीच सांगून ठेव, तिथे दचकायला नको. उजव्या दंडात गोवर-रुबेला, डाव्या दंडात पोलिओची अगदी थेंबभर, आणि मांडीत न्यूमोकोकलचा, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरच्या लसीचा बूस्टर. वर जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, चमच्याने. मधला एखादा डोस राहिला असेल तर तो तिथून पुढे सुरू होतो, पहिल्यापासून पुन्हा करावं लागत नाही. तिला अंगावर पाजून ने, टोचल्यावर लगेच पुन्हा पाज. बाह्या सैल असलेलं झबलं घाल. टोचताना तिला नवऱ्याच्या मांडीवर बसव, छातीशी धरून. अर्धा तास तिथेच थांबा. टोचल्या जागी चोळायचं नाही, हळद-चुना-बाम काही नाही, फार सुजलं तर गार पाण्याची घडी. पॅरासिटामॉलचं प्रमाण वजनावर ठरतं, ते सिस्टरकडून कार्डावरच लिहून घे, अंदाजाने बाटलीचं झाकण भरून देऊ नकोस. ताप चढतच राहिला, फिट आली, बाळ दूध ओढेना किंवा उठवून उठेना, तर रात्र असो की दिवस, दवाखाना.

घरी आल्यावर कॅलेंडरवर लस दिल्याच्या तारखेवर खूण कर, आणि सातव्या ते बाराव्या दिवसाखाली पेनाने एक रेघ ओढ. ती रेघ नवऱ्याला ओढायला सांग. त्या दिवसांत त्याची नाईट शिफ्ट येत असेल तर शक्य झाल्यास बदलून घ्यायला सांग. आणि सिस्टरनी दिलेल्या पुढच्या तारखेचं कार्ड पिशवीत तसंच ठेवू नकोस, पावसाळ्यात भिजतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेव.

तेराव्या दिवशी मला लिही, कशी आहे ते.